मदत हवी आहे: एडवर्ड्स जलधराचं मॉडेल, आणि जे-17 विहिरीचं कोडं

नमस्कार मंडळी,

सॅन अँटोनियोत राहते. इथल्या मराठी शाळेतल्या मोठ्या मुलांना एडवर्ड्स जलधर, म्हणजे इथला पाणी धरून ठेवणारा भूमिगत चुनखडक, समजावून सांगायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. नुसत्या स्लाइड दाखवण्यापेक्षा टेबलावर ठेवता येईल असं चालतं मॉडेल करावं असा विचार आहे. भूगर्भशास्त्र पदवीपर्यंत शिकले, पण तो सगळा अभ्यास बेसॉल्टवरचा. चुनखडकातलं पाणी असं वागतं हे इथे आल्यावरच कळलं.

मला जे समजलंय ते असं. साधारण 10 कोटी वर्षांपूर्वी, क्रिटेशस काळात, मध्य टेक्सासवर उथळ समुद्र होता आणि त्याच्या तळाशी साचलेल्या चुन्याच्या गाळाचा, शिंपल्यांचा हा खडक झाला. मध्येच समुद्र हटला, खडक उघडा पडला आणि पावसाच्या पाण्याने तो तेव्हाच ठिकठिकाणी विरघळवला. समुद्र परत आला, वर जॉर्जटाउनचा थर बसला आणि त्यावर डेल रिओची चिकणमाती. ही चिकणमाती म्हणजे जलधराचं झाकण. पुढे मायोसीन काळात बाल्कोनेस विभंगपट्ट्यात (विभंग म्हणजे खडकातली भेग, जिच्या कडेने जमीन सरकते) जमीन पायऱ्यापायऱ्यांनी मेक्सिकोच्या आखाताच्या बाजूला खचली. म्हणून शहराच्या उत्तरेला हाच खडक जमिनीवर दिसतो आणि शहराखाली तो शेकडो फूट खोल, झाकणाखाली आहे. फ्रिओ, सॅबिनल यांसारख्या नद्या त्या उघड्या पट्ट्यावरून जाताना आपलं पाणी खडकात हरवून बसतात. तेच पाणी पूर्वेकडे आणि मग ईशान्येकडे सरकत न्यू ब्राउनफेल्सला कोमाल आणि पुढे सॅन मार्कोस इथल्या झऱ्यांतून वर येतं.

आता अडचण. काचेच्या पेटीत वाळू भरली, वर मातीचा थर दिला, एका टोकाला पाणी ओतलं. दुसऱ्या टोकाला उभ्या केलेल्या नळीत पातळी चढायला इतका वेळ लागतो की मुलं तोवर खेळायला पळतील. फोर्ट सॅम ह्यूस्टनमधली जे-17 निरीक्षण विहीर मात्र चांगला पाऊस झाला की एक-दोन दिवसांत वर येते, पाऊस उघड्या पट्ट्यात लांब कुठेतरी पडलेला असला तरी! पाणी इतक्या वेगाने पोचतं? गुहांमधून? आणि तसं असेल तर पश्चिमेला युव्हॅल्डीची जे-27 विहीर त्याच पावसानंतर ढिम्म का असते? कुणी या विषयातलं असेल तर जरा उलगडून सांगा. मॉडेल कसं करावं तेही सुचवा.

प्रतिसाद

वाळू काढून टाका. :)

पोचतो तो दाब, पाणी नव्हे. झाकणाखालचा खडक आधीच तुडुंब भरलेला असतो, तिथे रिकामी जागा भरत बसावी लागत नाही. वरच्या अंगाला पाणी शिरलं की दाब वाढतो आणि विहिरीतली पातळी चढते. तो नेमका पाऊस जे-17 पर्यंत यायला कितीतरी जास्त काळ लागतो. गुहांमधून पाणी वेगाने धावतं हेही खरंच आहे. ऑस्टिनच्या बार्टन स्प्रिंग्जच्या भागात रंग टाकून केलेल्या चाचण्यांत पाण्याने मैलोगणती अंतर काही दिवसांत कापलंय. पण पातळीच्या उडीसाठी त्या वेगाची गरजच नाही.

आणखी एक गोष्ट हमखास सुटते. पाऊस पडला की सगळं शहर हिरवळीचे स्प्रिंकलर बंद करतं. उपसा घटला म्हणूनही जे-17 वर येते. मुलांना हे जरूर सांगा, त्यांच्या अंगणातलीच गोष्ट आहे.

जे-27 चं उत्तर क्निप्पा गॅपमध्ये आहे. युव्हॅल्डी काउंटीतून पूर्वेकडे जाणारी वाट तिथे अरुंद होते, त्यामुळे पश्चिमेकडचं पाणी तुंबल्यासारखं राहतं आणि पातळी संथपणे हलते.

प्रतिसाद

वरच्या उत्तराला जोड. विभंगांना नुसत्या पायऱ्या समजू नका. हा जलधर ढोबळमानाने 500 फूट जाडीचा आहे. जिथे खडक त्याहून जास्त खचला, तिथे एडवर्ड्ससमोर थेट दुसरा, पाणी न सोडणारा खडक येऊन उभा राहतो. वाट अडली की पाणी विभंगांना समांतर वळतं. सरळ आखाताकडे न जाता ते ईशान्येला का जातं याचं मोठं कारण हेच, शिवाय आग्नेयेला खाऱ्या पाण्याची हद्दही आहेच.

त्या हद्दीजवळ, हजार फुटांहून खोल विहिरींतून आंधळे कॅटफिश वर आलेले आहेत. दोन जाती, दोन्ही फक्त सॅन अँटोनियोच्या परिसरातल्या. इतक्या खोलवर मासा जगतो म्हणजे तिथे पोहण्याइतक्या पोकळ्या आहेत. माझ्या मते मुलांना बाकी काही आठवलं नाही तरी हे आठवेल.

धागाकर्ती

दोघांचेही मनापासून आभार! दाबाचा मुद्दा एकदम पटला. आता पुढचा प्रश्न: 1956 च्या दुष्काळात कोमालचे झरे जूनपासून नोव्हेंबरपर्यंत आटले होते, पण सॅन मार्कोसचे वाहत राहिले. सॅन मार्कोस तर आणखी लांब आहे, आधी ते आटायला हवेत ना? हे मॉडेलमध्ये दाखवता येईल का?

प्रतिसाद

अंतर नाही, उंची बघा. सॅन मार्कोसच्या झऱ्यांची तोंडं कोमालपेक्षा जवळपास 50 फूट खाली आहेत. ऑगस्ट 1956 मध्ये जे-17 ची पातळी समुद्रसपाटीपासून 612.5 फुटांवर उतरली होती, तो आजवरचा नीचांक. त्या दाबाला कोमालपर्यंत चढणं झेपलं नाही. शिवाय सॅन मार्कोसला जवळपासचं थोडं पाणीही मिळतं.

मॉडेलसाठी जाड पारदर्शक नळी घ्या, आडवी ठेवा, दोन्ही टोकं बंद. एका टोकापासून थोडं आत उंच नरसाळं, हा तुमचा उघडा पट्टा. मध्ये उभी बारीक नळी म्हणजे जे-17. नरसाळ्याच्या पलीकडे, त्या टोकाशी आणखी एक उभी नळी जे-27 साठी, आणि ती व नरसाळं यांच्या मध्ये क्लॅम्प आवळून क्निप्पा गॅप करा. दुसऱ्या टोकाला दोन तोट्या, एक वर आणि एक खाली. नरसाळ्यात रंगीत पाणी ओतलं की जे-17 लगेच चढेल आणि रंग मागे रेंगाळताना दिसेल. एवढ्यावरच तुमचा पहिला प्रश्न सुटतो. मग ओतणं थांबवून उपसा म्हणून जे-17 मधून सिरिंजने पाणी काढत राहा, वरची तोटी आधी बंद पडेल. 660 फुटांची खूणही करा. जे-17 ची दहा दिवसांची सरासरी तिच्या खाली गेली की इथे उपशावर कपातीचा पहिला टप्पा लागू होतो. मुलांनी बातम्यांत हा आकडा ऐकलेला असणार.

भरताना नळी तिरपी धरून आतली सगळी हवा काढा. मोठा बुडबुडा राहिला तर दाब आधी तो दाबण्यातच खर्ची पडतो आणि तुमची जे-17 पुन्हा वाळूच्या पेटीसारखी रेंगाळेल.