मदत हवी आहे: मॉन्टेसरीच्या स्टॅम्प गेमचा दोन अंकी भागाकार, ६ ते ९ वयोगट

नमस्कार मंडळी. दादरला एका खोलीत २२ मुलं, पहिली ते तिसरी एकत्र, सकाळी सलग तीन तास मुलं आपापलं काम निवडतात. स्टॅम्प गेमचा, म्हणजे १, १०, १००, १००० लिहिलेल्या छोट्या चौकोनी टाइल्सचा, संच एकच.

४५३६ भागिले १२ घ्या. भाजक १२ साठी स्किटल, म्हणजे छोट्या लाकडी सोंगट्या, मांडायच्या: दहाची एक निळी, एककाच्या दोन हिरव्या. निळीला हजार दिला की प्रत्येक हिरवीला शंभर. तीनदा वाटायचं तर शंभराच्या सहा टाइल्स लागतात, असतात पाच. म्हणून उरलेला हजार मोडून दहा शेकडे करायचे. नेमकं इथेच मोठं मूल टाइल्स स्वतः बदलतं आणि लहान नुसतं बघत बसतं! शेवटी उत्तर निळीसमोरचं वाचलं जातं: ३७८ ऐवजी ३७८०. एका एककाच्या, म्हणजे एका हिरवीच्या, वाट्याला काय आलं, तेच उत्तर, हे शब्दांत पटतं पण हाताला पटत नाही.

आधी ३६ भागिले १२ पुरेसं मुरू द्यावं, असं मला वाटतं. तरी विचारते:

मोडण्याचं काम लहानाच्याच हाती राहावं म्हणून तुम्ही काय करता? मोठ्याला फक्त वहीत मांडायला बसवून चालतं का? मला भीती आहे की असं नेमून दिलं तर निवड मुलांची राहत नाही.

आणि दुसरा संच जाड पुठ्ठ्याचा केला तर पावसाळ्यात टिकतो का? लॅमिनेट केल्यावर कडा सुटतात. मुंबईत लाकडी टाइल्स कुणी सुताराकडून कापून घेतल्या असतील तर माप नक्की कळवा.