मदत हवी आहे: दोन डिस्कचं मिररिंग केलं, जुना डेटा दिसेना (तातडीचं)

लेन्सवाला_सांगली
लिनक्स मिंट आहे. ४ टीबीच्या डिस्कवर लग्नांचे फोटो होते. तसलीच नवी आणली आणि एमडीएडीएमने (लिनक्समध्ये डिस्क जोडायची कमांड) रेड-१ केलं, म्हणजे दोन्हींवर तोच डेटा. एका व्हिडिओत दाखवतात तसंच सगळं केलं. आता एमडी० (दोन्ही मिळून बनलेली डिस्क) माउंटच होत नाही, म्हणजे उघडत नाही, 'बॅड सुपरब्लॉक' (फाइल सिस्टिमची मुख्य नोंद खराब) म्हणतंय. फोटो परत कसे दिसतील? शनिवारी अल्बम द्यायचाय, जरा लवकर सांगा. (मोबाईलवरून लिहितोय, कमांडी देवनागरीत चालवून घ्या.)

चहाबाज
रीस्टार्ट मारून बघितलं का?

तात्या_टर्मिनल
रीस्टार्ट नको, कशालाच हात लावू नका. आधी सांगा: क्रिएटमध्ये कोणत्या डिस्कचं नाव पहिलं लिहिलंत? अख्खी डिस्क दिलीत की पार्टिशन? नंतर एमकेएफएस (कोरी फाइल सिस्टिम बनवणारी कमांड) चालवलंत का? आणि एमडीस्टॅटमध्ये (रेडची स्थिती दाखवतं ते) सिंक, म्हणजे एका डिस्कची दुसरीवर नक्कल, चालू दिसतंय का?

लेन्सवाला_सांगली
व्हिडिओतल्यासारखंच दिलंय हो. एसडीबी१ आणि एसडीसी१. सिंक ३१ टक्के झालंय. १०० झालं की दिसतील ना?

तात्या_टर्मिनल
नाही दिसणार. सिंक आत्ताच्या आत्ता थांबवा, एमडीएडीएम स्टॉप द्या. नवं रेड-१ बनवलं की पहिल्या नावाच्या डिस्कवरचं उचलून दुसरीवर लिहिलं जातं. फोटो कुठल्या डिस्कवर आहेत याच्याशी एमडीला (लिनक्सचा रेड चालवणारा भाग) काही देणंघेणं नसतं. बी नवी कोरी असेल आणि सी जुनी, तर मिनिटाला आठ-नऊ जीबी फोटो पुसले जातायत.

झेडएफएसप्रेमी
म्हणून मी कानीकपाळी ओरडत असतो, झेडएफएस (मिरर स्वतःच सांभाळणारी फाइल सिस्टिम) घ्या. चालू पूलला (तिच्या डिस्कच्या गटाला) झेडपूल अटॅच म्हटलं की मिरर तयार, जुन्या डेटाला धक्का नाही. वर प्रत्येक ब्लॉकचा चेकसम (बिघाड ओळखायचा आकडा). एमडीच्या दोन प्रतींमध्ये फरक पडला तर खरी कोणती, हे त्याला सांगताच येत नाही.

तात्या_टर्मिनल
आणि अटॅचऐवजी चुकून अ‍ॅड म्हटलं की? मिरर राहिला बाजूला, डेटा दोन डिस्कांवर विभागला जातो आणि एक गेली की सगळा पूल गेला. ह्यांची डिस्क एक्स्ट४ (लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टिम) आहे, ह्यांना आज पूल कुठून आणू देता?

रात्रपाळी
एवढं घाबरवू नका त्यांना. एमडी० वर एफएससीके (फाइल सिस्टिम दुरुस्त करणारी कमांड) वाय लावून, म्हणजे सगळ्याला 'हो' म्हणून, चालवा. माझ्या सर्व्हरला नेहमी चालतं.

तात्या_टर्मिनल
कृपया हे करू नका!! तुमचं अ‍ॅरे (जोडलेल्या डिस्कचा संच) आधी बनलं आणि फाइल सिस्टिम नंतर. ह्यांचं उलटं झालंय. मेटाडेटा १.२ (एमडीच्या स्वतःच्या नोंदींचा एक प्रकार) मध्ये डेटाची सुरुवात पुढे सरकते, एवढ्या डिस्कला साधारण १२९ एमबी. म्हणजे एमडी०ची सुरुवात ही जुन्या फाइल सिस्टिमची सुरुवात नाहीच. त्यावर वाय लावून एफएससीके सोडलं तर उरलंसुरलं तेच 'दुरुस्त' करून टाकेल.

मिरजकरीण
लेन्सवाला दादा, मेमरी कार्डं पुसलीत का? आमच्या स्टुडिओत अल्बम गिऱ्हाइकाच्या हातात पडेपर्यंत ह्यांना कार्डाला हात लावू देत नाही मी.

लेन्सवाला_सांगली
थांबवलं. दोन लग्नांची कार्डं आहेत, बाकी सगळं त्या डिस्कवरच. एमकेएफएस नाही चालवलं, त्याच्याआधीच फोटो शोधायला गेलो. नवी कोणती हे कसं कळणार? दोन्ही एकाच कंपनीच्या आहेत.

तात्या_टर्मिनल
एमकेएफएस नाही चालवलं हे फार बरं झालं. एलएसबीएलकेला (डिस्कची यादी दाखवणारी कमांड) सिरीयल कॉलम मागा आणि डिस्कवरच्या स्टिकरशी ताडून बघा. बी, सी या अक्षरांवर जाऊ नका, रीस्टार्टनंतर ती बदलू शकतात.
एक विचारू? क्रिएट करताना 'एक्स्ट२एफएस फाइल सिस्टिम' (एक्स्ट४लाही ते हेच म्हणतं) सापडली असा इशारा आला नव्हता?

लेन्सवाला_सांगली
आलं होतं काहीतरी. कंटिन्यू का विचारलं, वाय दाबलं. व्हिडिओतपण वाय दाबतात.
बी जुनी निघाली. आता?

रात्रपाळी
व्हिडिओवाल्याच्या दोन्ही डिस्क कोऱ्या असणार. त्याला बूटबद्दलची सूचना येते, तिलाही वायच दाबतात.

तात्या_टर्मिनल
सुटलात. जुनी पहिली होती, म्हणजे सिंकने तिच्यावर काही लिहिलेलं नाही. एमडीने फक्त सुरुवातीचे काही केबी स्वतःच्या नोंदींसाठी वापरले, नेमके एक्स्ट४च्या (कुठे काय आहे सांगणाऱ्या) तक्त्यावर. त्या तक्त्याची प्रत पुढे ३२७६८व्या ब्लॉकला असते.
जुनीवर प्रयोग नकोत. डीडीरेस्क्यूने (डिस्कची हुबेहूब प्रत काढणारी कमांड) जुनं पार्टिशन नव्या पार्टिशनवर उतरवा. आधी स्रोत, मग लक्ष्य, लिहून दोनदा वाचा. नवं पार्टिशन एक सेक्टरही लहान नको. सात-आठ तास लागतील. मग जुनी डिस्क काढून बाजूला ठेवा, प्रतीवर एमडीएडीएमचं झीरो-सुपरब्लॉक (एमडीची नोंद पुसायला) चालवा आणि ई२एफएससीकेला (एक्स्ट४ची एफएससीके) बी (डिस्क नव्हे, पर्याय) ३२७६८ देऊन बघा.

रात्रपाळी
मुळात मेटाडेटा १.० वापरला असता तर हे झालंच नसतं, तो शेवटी बसतो.

तात्या_टर्मिनल
बसतो, पण फाइल सिस्टिम पार्टिशनच्या टोकापर्यंत पसरलेली असते. आधी ती आकसून घ्यावी लागते, नाहीतर शेपूट अ‍ॅरेच्या बाहेर. 'होईल बघू' म्हणून करायचं काम नाही ते.

चहाबाज
अवांतर: सांगलीत आता लग्नाच्या अल्बमचा काय भाव चाललाय? पुतण्याचं ठरलंय.

लेन्सवाला_सांगली
कॉपीला रात्र गेली. प्रतीवर ई२एफएससीके केलं, भरपूर प्रश्न विचारले त्याने, पण माउंट झालं!! सगळे फोल्डर आहेत, शे-दीडशे फोटो उघडून पाहिले, ठीक आहेत. तात्या, सांगलीला या, भेळ माझ्याकडून. आता जुनी परत लावून मिरर करून टाकू का?

तात्या_टर्मिनल
आधी तिसरी डिस्क घ्या आणि फोटो तिच्यावर उतरवा. मग एका रिकाम्या डिस्कवर, दुसरीच्या जागी 'मिसिंग' लिहून अर्धं अ‍ॅरे बनवा, एमकेएफएस करा, फोटो त्यात कॉपी करा, उघडून तपासा. नंतरच दुसरी डिस्क अ‍ॅड करा, ती करताना पूर्ण पुसली जाते.

लेन्सवाला_सांगली
परत खर्च. मिरर असताना तिसरी कशाला?

मिरजकरीण
मिररवर फोल्डर डिलीट झालं की दोन्हीकडून त्याच क्षणी जातं, दादा. तिसरी घरी कपाटात ठेवा. भाव विचारणाऱ्यांना मी व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

चहाबाज
मिळाला ताई, आभार. आणि माझ्या विंडोज होममध्ये न्यू मिरर्ड व्हॉल्यूम येतच नाही, ते का?

रात्रपाळी
होममध्ये ते नसतं. स्टोरेज स्पेसेस असतं, पण पूलमध्ये घेतलेली डिस्क ते पुसतं. काही दाबण्याआधी नवा धागा काढा.