ताकद आणि ऊर्जा एकच? ट्रॉलीच्या हुकाच्या वेल्डचा वाद

वणीकर_मेकॅनिकल: काल इथं एकानं छातीठोकपणे लिहिलं, "शिअरमधली (कातरतानाची) ताकद ताणाच्या ५८ टक्के, म्हणून वेल्ड तोडायची ऊर्जाही तेवढीच धरा." अहो, ऊर्जा म्हणजे बल आणि सरकणं यांच्या आलेखाखालचं क्षेत्रफळ! फिलेट, म्हणजे कोपऱ्यात भरलेला वेल्ड, आडवा ओढला तर लांबीच्या दिशेपेक्षा साधारण दीडपट बल घेतो, पण जेमतेम सरकून तुटतो. लांबीच्या दिशेनं ओढा, कमी बलात पण बराच सरकून जातो. ५८ टक्के आले कुठून?

सिव्हिलवाला_दारव्हा: काल मीच लिहिलं. आयएस ८००, म्हणजे पोलादी बांधकामाचा भारतीय कोड, सुद्धा ताकद √३ नेच भागतो, तेच ५८ टक्के. कोड चुकीचा का?

वणीकर_मेकॅनिकल: कोड ताकद सांगतो, ऊर्जा नाही. ६ मिमी फिलेट, ५० मिमी लांब, घसा (वेल्डची सर्वांत कमी जाडी) ४.२ मिमी. पोलादाची ताकद ४१० न्यूटन प्रति चौरस मिमी, भागिले √३, गुणिले घसा नि लांबी, म्हणजे जोड ५० किलोन्यूटनच्या आसपास जाईल. १ मिमी सरकला तरी फार तर ५० जूल. ३ टनांची कापसाची ट्रॉली ताशी १० किमीला साडेअकरा हजार जूल घेऊन येते.

सिव्हिलवाला_दारव्हा: सगळी ऊर्जा वेल्डवरच येते वाटतं? टायर, पिन, दांडी शोभेला आहेत?

वणीकर_मेकॅनिकल: तेच तर! दांडी आधी वाकली पाहिजे, वेल्ड नंतर.

बजरंग_वेल्डिंग: काऊन भांडता बाप्पा? तुमचे जूल ठेवा बाजूले. पावसाळ्यात ७०१८, म्हंजे कमी हायड्रोजनच्या वेल्डिंग रॉडचा पुडा उघडा पडला का ओल धरते, भट्टीत शेकल्याबिगर लावला तं हायड्रोजननं चीर जाते. अन् होल्टेज? कमी पडलं का आर्क धरत नाही, रॉड चिकटते. गिऱ्हाईक म्हणते ६०१३ च्या साध्या रॉडनं मारून द्या, स्वस्तात. मागच्या हंगामात एका गावात हूक निसटला, गठडे नाल्यात. शिव्या मले!

सिव्हिलवाला_दारव्हा: म्हणूनच कोड साइटवरच्या वेल्डला १.५ चा गुणक लावतो, वर्कशॉपला १.२५. ओल्या रॉडचा हिशेब त्यातच आला.

बजरंग_वेल्डिंग: गुणकानं चीर बुजते का?

वणीकर_मेकॅनिकल: भाऊंचं बरोबर. एडब्ल्यूएसच्या (अमेरिकन वेल्डिंग सोसायटीच्या) वर्गीकरणात ७०१८ ला उणे ३० अंशांवर २७ जूल चार्पी, म्हणजे आघात-चाचणीतली ऊर्जा, लागते, ६०१३ ला आघाताची अटच नाही. मात्र चार्पी म्हणजे खाचेवर बसलेला घाव. त्यावरून शिअरची ऊर्जा काढू नका. पत्र्याच्या स्पॉट (ठिपक्याच्या) वेल्डला तर ओढून सोलण्यात शिअरपेक्षा कमी बल पुरतं, तुमच्या ५८ टक्क्यांच्या उलट.

सिव्हिलवाला_दारव्हा: बरं, महाराज, ऊर्जेचं तुमचं. पण उद्या हूक शेतकरी जोडून मागेल तेव्हा आलेख काढत बसणार का?

बजरंग_वेल्डिंग: तेवढ्यात मी दोन्ही बाजूनं लांब वेल्ड मारून मोकळा होतो. पैसे मात्र उधारच.