मदत हवी आहे : ‘ड्रेस्डेन फाइल्स’चं बारावं पुस्तक संपलं, आता आधी काय वाचू?

आमचं शेत आर्वी तालुक्यात. तुरीत रानडुकरं घुसतात, म्हणून रात्री बाबा आणि मी जागलीला असतो. माळ्यावर बसून मी मोबाईलवर ‘द ड्रेस्डेन फाइल्स’ ही इंग्रजी कादंबऱ्यांची मालिका वाचतो आणि बाबांना मराठीत सांगत जातो. शिकागोतला जादूगार डिटेक्टिव्ह, पहिलं पुस्तक 2000 सालचं. कवटीत राहणारा बॉब बाबांचा लाडका. जादूगार जवळ आला की यंत्रं बिघडतात, हे तर त्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. परवा टॉर्च लुकलुकला तर म्हणाले, “आला वाटते तो.”

काल बारावं पुस्तक ‘चेंजेस’ संपलं. शेवटच्या पानावर मी गप्पच झालो. बाबा विचारत राहिले, “मंग काय झालं त्याचं?” मला सांगताच येईना.

आता अडचण अशी, की ‘साइड जॉब्स’ या कथासंग्रहात या शेवटाच्या लगेच नंतरची एक कथा आहे. ती आधी वाचू, की सरळ तेरावं ‘घोस्ट स्टोरी’ घेऊ? पूर्ण वाचलेल्यांनी सांगा, पण पुढचं काही फोडू नका, हात जोडतो.

आणि मराठीत अशी जादू आणि तपास एकत्र असलेली मालिका असेल तर नाव द्या. बाबांना आता स्वतः वाचायचंय.