दोन रात्री, एकही पॉइंट नको: ठाण्याहून कुठे जावं?

घोडबंदरकरीण: मंडळी, सल्ला हवाय. दिवाळीनंतर दोन रात्री बाहेर पडायचंय. आम्ही दोघं, सातवीतला मुलगा आणि गुडघे दुखणाऱ्या सासूबाई. सकाळी सातला गाडीत बसून पॉइंट उरकायचे नाहीत. ह्यांना शक्यतो गाडी चालवायची नाहीये, रोजचा घोडबंदर रोड पुरे झालाय.

कर्जत_लोकल: माथेरान! दस्तुरी नाक्यापुढे गाड्यांना बंदी, त्यामुळे हॉर्न नाही. नुसत्या तेवढ्यानेच निम्मा शीण जातो. अमन लॉज स्टेशनवरून मिनी ट्रेनची शटल पकडा. फक्त शनिवार-रविवार टाळा, आणि खाऊची पिशवी हातात दिसू देऊ नका, माकडं सोडत नाहीत.

ऐरोलीचे_काका: गुडघे दुखत असतील तर लाल मातीतले चढउतार कशाला? गुहागरला जा. ठाण्याहून सकाळची मांडवी एक्सप्रेस, दुपारपर्यंत चिपळूण. आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, लगेच करा. गाडीत खायला इतकं येत राहतं की डबा नेऊ नका. चिपळूणहून गुहागर साधारण 45 किमी, रिक्षा-जीप मिळते. हॉटेल नको, वाडीतलं घरगुती बघा. मागचं दार उघडलं की सुरूची झाडं आणि समुद्र. व्याडेश्वराचं दर्शन सोडलं तर बघण्याची सक्ती कसलीच नाही. आणि जेवणाचं आदल्या रात्री सांगून टाकायचं. उद्या काय करायचं हा प्रश्न दोन दिवस कुणी विचारला नाही, की घरातली बाई खरी सुट्टीवर गेली असं आमच्या सौ.चं मत.

वाशीवाली: काकांच्या सौ.ना +१००. पण दोन रात्रींसाठी गुहागर लांब पडतं हो, जाण्यायेण्यातच दोन दिवस जातील. त्यापेक्षा भाऊच्या धक्क्यावरून रो-रो. गाडी बोटीत चढवायची, वर बसून वारा खायचा, तासाभरात मांडवा. आवास, किहीम जवळच. सुट्टीच्या दिवशी अलिबागच्या किनाऱ्यावर मात्र फिरकू नका, जत्रा असते.

घोडबंदरकरीण: ह्यांचा ऑफिसचा फोन बंद होईल अशी जागा आहे का कुठे?

कर्जत_लोकल: इगतपुरीचं धम्मगिरी, विपश्यना केंद्र. फोन, पुस्तक, बोलणं सगळं बंद. पण दहा दिवस! 😀

ऐरोलीचे_काका: ताई, रजा वाढवून तीन रात्री करा, मग गुहागर जमतं. दोनच असतील तर वाशीवाली म्हणते ते बरोबर. कुठेही गेलात तरी पैसे भरायच्या आधी फोन करून विचारा: खोली तळमजल्यावर आहे का, कमोड आहे का. तुळशीचं लग्न झाल्यावर जाणार असाल तर शेजारी मंगल कार्यालय आहे का तेही. नाहीतर रात्री अकरापर्यंत डीजे.

घोडबंदरकरीण: कमोडचं बरं आठवलंत काका! ह्यांना तिसऱ्या रात्रीची रजा मागायला लावलीये. वाडीतली माहितीची घरं असतील तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) कराल का? आम्ही शाकाहारी, मुलगा सोडून.