अनवाणी धावायला सुरुवात केली आहे, अंतर कसं वाढवावं?

टेकडीवाला

नमस्कार मंडळी. वय ३९, राहणार कोथरूड. काही वर्षं नियमित धावतोय, हाफ मॅरेथॉन (२१ किमी) दोन तासांच्या थोडी वर होते. गेल्या हिवाळ्यापासून उजव्या गुडघ्याच्या वाटीखाली दुखायला लागलं. उतारावर आणि जिना उतरताना जास्त. ऑर्थोने तपासून सांगितलं की आत बिघाड काही नाही, मांडी आणि खुब्याचे स्नायू मजबूत करा. ते व्यायाम चालू आहेत.

आमच्या ग्रुपमधले एक काका बिनबुटाचेच धावतात. त्यांचं बघून महिनाभरापूर्वी मीही शूज काढले. घराजवळच्या कॉलेजचं ग्राउंड, त्यावरची हिरवळ, आठवड्यातून तीनदा. गुडघा खरोखरच शांत आहे! पण पोटऱ्या अशा भरून येतात की दुसऱ्या दिवशी सकाळी पलंगावरून उतरल्यावर पहिली काही पावलं भिंत धरून टाकतो. सध्या एका वेळी ३ किमी होतात. दम अजिबात लागत नाही, त्यामुळे थांबावंसं वाटत नाही.

जानेवारीत मुंबईची हाफ आहे. तोवर पूर्ण अनवाणी होईल का? आठवड्याला किती वाढवू? हिरवळीवरच राहू की रस्त्यावर उतरू? आणि पावसाळ्यात काय करायचं? ज्यांनी हे स्वतः केलंय त्यांनी कृपया लिहा.

गोदाकाठ

अभिनंदन! बिनधास्त चालू ठेवा. १९६० च्या रोम ऑलिंपिकमध्ये इथिओपियाच्या अबेबे बिकिलाने अख्खी मॅरेथॉन अनवाणी मारली, २ तास १५ मिनिटं १६ सेकंद, तेव्हाचा विश्वविक्रम. आपले मिलिंद सोमण आहेतच. पोटऱ्या दुखणारच, सवय झाली की थांबतं. अंतर आठवड्याला १० टक्के वाढवा, सोपा हिशेब.

चारभिंती

टेकडीवाला, 'दम लागत नाही त्यामुळे थांबावंसं वाटत नाही' हे तुमचं वाक्य वाचून काळजी वाटली, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मी साताऱ्यात शाळेत खेळ शिकवते आणि बरीच वर्षं अनवाणी धावते. चार भिंती या स्मारकाकडून अजिंक्यताऱ्यावर जाणारा डांबरी रस्ता हा माझा नेहमीचा.

तुमचं हृदय आणि फुप्फुसं २१ किमीला कधीच तयार झालीत. पाय मात्र आजवर बुटात वाढलेत. नेहमीच्या रनिंग शूजची टाच चवड्यापेक्षा साधारण ८ ते १२ मिलिमीटर उंच असते. बूट काढला की टाच तेवढी खाली उतरते आणि टाचेमागची शीर (अकिलीस टेंडन) प्रत्येक पावलाला जास्त ताणली जाते. एका किलोमीटरमध्ये हजारभर पावलं पडतात, म्हणजे ३ किमीत किती वेळा ताण आला बघा. तळव्याची कातडी काही आठवड्यांत राठ होते. पोटरीला दोन-तीन महिने लागतात. शीर आणि हाड सगळ्यात सावकाश. हाडावर नवा ताण पडला की शरीर आधी तिथलं जुनं हाड काढून टाकतं आणि मग नवं भरतं. या मधल्या काळात ते हाड आधीपेक्षाही नाजूक असतं, आणि नेमकं तेव्हाच माणसाला वाटतं की आता जमलं, वाढवूया. अंगठ्याशेजारच्या दोन बोटांमागे पायाच्या पाठीवर जी लांब हाडं आहेत ती बहुतेक याच काळात तडकतात.

गुडघा शांत का झाला, तेही समजून घ्या. हार्वर्डच्या डॅनियल लीबरमन यांनी २०१० मध्ये 'नेचर'मध्ये लिहिलेला अभ्यास प्रसिद्ध आहे. लहानपणापासून अनवाणी धावणारी माणसं बहुतेक वेळा चवड्यावर उतरतात आणि टाच आपटल्यावर बसणारा पहिला धक्का टाळतात. पाऊल आखूड पडतं, गुडघ्यावरचा भार कमी होतो. पण तो भार जातो कुठे? पोटरी आणि घोट्यावर. तुमचा पलंगावरून उतरतानाचा त्रास तोच आहे.

बिकिलाचं उदाहरण सगळे देतात. तो मुळात अनवाणी धावतच तयार झाला होता. रोममध्ये मिळालेले नवे बूट पायाला बसले नाहीत म्हणून त्याने ते बाजूला ठेवले, आणि १९६४ मध्ये टोकियोत बूट घालून तो २ तास १२ मिनिटं ११ सेकंदांत आला. आपण चाळिशीला टेकताना सुरू करतोय, आपला हिशेब वेगळा.

माझ्याकडे कासच्या बाजूच्या वाड्यांवरून मुली येतात. त्यांचे पाय एकदा जवळून बघा. बोटं पंख्यासारखी सुटी, अंगठा बाकीच्यांपासून लांब, तळव्याच्या मधल्या कमानीखाली बोट सरकावं एवढी जागा. मुरमाच्या ट्रॅकवर ३००० मीटर धावून येतात आणि तळव्याला ओरखडा नसतो. अशा मुलीला स्पर्धेसाठी स्पाइक्स (खिळ्यांचे बूट) देताना मी तेही एकदम देत नाही. आधी नुसतं चालणं, मग १०० मीटर, मग २००. अनवाणी पायाला बूट जर असा हळूहळू द्यावा लागतो, तर बुटातल्या पायाचा बूट एका दिवसात कसा काढता येईल?

आता तुमचं. मला वाटतं तुम्ही ३ किमीवरून खाली यावं. पोटऱ्या पूर्ण मोकळ्या होईपर्यंत अनवाणी धावणं बंद, फक्त चालणं. घरात, गच्चीवर, सोसायटीच्या आवारात रोज अर्धा तास. मग धावायच्या दिवशी सुरुवातीलाच, पाय ताजे असताना, ४०० मीटर अनवाणी. लगेच शूज घालून उरलेलं अंतर नेहमीसारखं. एक दिवस आड, सलग दोन दिवस कधीच नाही. दर आठवड्याला साधारण २०० मीटर वाढवा, दर चौथ्या आठवड्याला अंतर निम्मं. १० टक्क्यांचा नियम मी इथे लावत नाही, कारण तो मुळात तुमच्या ३ किमीवर लागेल आणि ते ३ किमीच जास्त आहेत. या चालीने तीन महिन्यांत दोन-अडीच किमी होतील, सहा-सात महिन्यांत पाच. दहाला वर्ष लागलं तर लागू द्या. जानेवारीची हाफ शूज घालून करा.

वाढवायचं की नाही हे दुसऱ्या दिवशी सकाळची पहिली पावलं ठरवतात. पोटरी जड वाटली आणि चालून मोकळी झाली, तर तेच अंतर पुन्हा. भिंत धरावी लागली तर मागे या.

हिरवळीबद्दल माझं मत बऱ्याच जणांना उलटं वाटतं. सुरुवात गुळगुळीत काँक्रीटवर किंवा चांगल्या डांबरीवर करावी. हिरवळ मऊ असते, त्यामुळे टाच आपटली तरी खपून जातं आणि तुमची बुटातली चाल तशीच राहते. शिवाय गवतात काच, तार, काटा दिसत नाही. काँक्रीटवर एकही पाऊल जोरात टाकवत नाही, पायच सुधारून घेतो. पेव्हर ब्लॉक टाळा, त्यांच्या कडा चवड्याला लागतात. कान उघडे ठेवा. पावलाचा थपथप आवाज येतोय तोवर चाल जमलेली नाही.

आणखी एक, बरेच जण यात अडकतात. चवड्यावर उतरायचं म्हणजे टाच वर धरून धावायचं नाही. चवडा आधी टेकतो, मग टाच अलगद जमिनीला लागते, मग पाऊल उचलतं. टाच अधांतरी ठेवली तर पोटरीला क्षणभरही विसावा मिळत नाही. तुमच्या पोटऱ्यांचं निम्मं दुखणं यातलं असावं अशी मला शंका आहे. मोबाइलवर मागून व्हिडिओ काढून बघा.

धावून आल्यावर पाय धुवा आणि उजेडात तळवा नीट बघा. बोटांच्या टोकांना फोड आले असतील तर तुम्ही बोटं आवळून जमीन पकडताय. चवड्याच्या मधोमध फोड म्हणजे पाऊल फार पुढे पडतंय आणि घासत थांबतंय, किंवा मागे ढकलताना वळतंय. पाऊल शरीराच्या खाली पडलं की फोड येत नाहीत. फोड आला की त्या दिवसाचं अनवाणी धावणं तिथेच संपवायचं.

पावसाळ्यात कातडी भिजून मऊ पडते, एरवी नुसती टोचणारी खडी तेव्हा आत शिरते. म्हणून अंतर निम्मं आणि रस्ता ओळखीचाच. शेताच्या बांधावर, चिखलात नको, घाण पडलेल्या ओल्या मातीतून हुकवर्म या जंताच्या अळ्या तळव्यातून शरीरात जातात. पाऊस सरल्यावर मुरमाड जागी सराटे वाळतात, ते बाभळीच्या काट्यापेक्षा वाईट, कारण पाऊल कसंही पडलं तरी एक टोक वर असतंच. कंबरेच्या पाउचमध्ये चिमटा ठेवत जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलेलं असू द्या. उन्हाळ्यात सकाळी आठनंतर डांबरीवर अनवाणी उतरू नका.

शर्वरी_ठाणे

फिजिओथेरपिस्ट आहे. चारभिंती ताईंशी जवळजवळ सगळ्यात सहमत. गोदाकाठ, 'पोटऱ्या दुखणारच' यात एक भर घालते. दोन्ही पोटऱ्यांत, मोठ्या भागात, दोन दिवसांत उतरणारं दुखणं ठीक. पायाच्या पाठीवर एका बोटाने दाखवता येईल अशा जागी दुखत असेल, तिथे दाबल्यावर कळ येत असेल, किंचित सूज असेल, तर धावणं त्याच दिवशी थांबवा. हाडाला तडा जाण्याच्या सुरुवातीला एक्स-रे दोन-तीन आठवडे स्वच्छ येऊ शकतो, एमआरआयमध्ये आधी कळतं. एक्स-रे चांगला आला म्हणून धावत राहिलेले रुग्ण मी पाहिलेत, त्यांना मग बरेच आठवडे बूट-प्लास्टर घालून बसावं लागलं. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अनुभवी धावपटूंना दहा आठवड्यांत प्रत्येक बोटाला वेगळा कप्पा असलेल्या पातळ बुटांकडे वळवलं, तर त्यातल्या निम्म्याहून अधिक जणांच्या पायाच्या हाडात एमआरआयवर सूज वाढलेली दिसली. दहा आठवडे हा काळ अनेकांना भरपूर वाटतो.

अनवाणी धावल्याने एकूण दुखापती कमी होतात असं अजून सिद्ध झालेलं नाही. गुडघ्याच्या वाटीच्या दुखण्यात आखूड पावलांचा फायदा होतो, आणि आखूड पावलं शूजमध्येही टाकता येतात. मिनिटाला किती पावलं पडतात ते मोजा आणि त्यात पाच-दहा टक्के वाढवून बघा.

व्यायाम: पायरीच्या कडेवर चवडे ठेवून टाचा सावकाश वर आणि त्याहून सावकाश खाली. एकदा गुडघा सरळ ठेवून, एकदा वाकवून. वाकवून करणं कुणी करत नाही, पण पोटरीचा आतला स्नायू त्यानेच तयार होतो. दोन्ही पायांवर जमलं की एकेका पायावर.

मधुमेह असेल, पायाला मुंग्या-बधिरपणा असेल, तर अनवाणी धावणं नकोच. काच घुसलेली कळतच नाही.

गोदाकाठ

हे मला ठाऊक नव्हतं, बरं झालं लिहिलंत. ताई, सपाट पाय असतील तर? माझ्या मुलाला डॉक्टरांनी इन्सोल दिलेत, वय १४.

शर्वरी_ठाणे

चवड्यावर उभं राहिल्यावर कमान दिसते का ते बघा. दिसत असेल आणि दुखत नसेल तर घरात अनवाणी वावरायला, खेळायला सहसा हरकत नसते. चवड्यावर उभं राहूनही कमान येत नसेल किंवा दुखत असेल, तर ज्यांनी इन्सोल दिले त्यांना विचारल्याशिवाय बदल करू नका.

टेकडीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. शर्वरी ताई, आत्ताच पायाच्या पाठीवर बोटाने दाबून पाहिलं, एका जागी असं कुठे दुखत नाही. चारभिंती ताई, बायकोने गच्चीवर व्हिडिओ काढला, टाच खरंच हवेत आहे! हिरवळीवर हे लक्षातच आलं नव्हतं. हाफ शूज घालूनच करणार.

शेवटचा प्रश्न. मधला टप्पा म्हणून पातळ सोलचे बूट किंवा सँडल घेऊ का? दुकानदार म्हणतो की आधी ते वापरा, मग अनवाणी.

चारभिंती

मी उलट क्रम सांगेन. आधी अनवाणी, मग पातळ सोल. पातळ सोलमध्ये हाडांवर आणि शिरेवर भार जवळजवळ अनवाणीएवढाच येतो, पण कातडी झाकलेली असते. नंगा पाय दीड किमीला हुळहुळायला लागतो आणि तुम्ही थांबता. सोल असला की ती सूचना येत नाही आणि पाच किमी होऊन जातात. शर्वरी ताईंनी सांगितलेल्या अभ्यासातही पाय झाकलेलेच होते.

खडीचा रस्ता, कडक ऊन, भर पाऊस यांसाठी एक जोड जरूर घ्या. बोटांकडे रुंद, टाच-चवडा एका पातळीत, हातात धरून गुंडाळता येईल इतका मऊ. पण त्यातलं अंतर अनवाणीच्याच खात्यात धरा. म्हणजे त्या आठवड्यात ८०० मीटर ठरले असतील, तर अनवाणी आणि सँडल मिळून ८०० मीटर.