मदत हवी आहे: लेकीसाठी आइस हॉकीची स्टिक, स्केट्स आणि सरावाची जागा (मिसिसॉगा / टोरांटो)

खडकीकर:

नमस्कार मंडळी. आम्ही ऑगस्टमध्ये पुण्याहून कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसॉगाला राहायला आलो. मुलगी नऊ वर्षांची आहे. वर्गातल्या दोन मैत्रिणी हॉकी खेळतात, त्यात टीव्हीवर टोरांटो सेप्टर्स या महिला आइस हॉकी संघाच्या मॅचेस बघायला मिळाल्या. तेव्हापासून तिच्या डोक्यात दुसरं काही नाही. मलाही मनापासून वाटतं की तिने खेळावं. नव्या देशात तिने स्वतःहून मागितलेली ही पहिलीच गोष्ट आहे.

मी खडकीत वाढलो. धनराज पिल्ले याच खडकीतून देशाच्या संघात गेले. शाळेच्या संघात मी सहा वर्षं खेळलो. त्यामुळे लेकीला स्टिक धरायला मीच शिकवीन असं ठरवून टाकलं होतं, आणि नेमकं तिथेच अडलंय.

मैदानी हॉकीत डावा हात वर, उजवा खाली. स्टिकची एकच बाजू सपाट असते, चेंडूला तीच लावायची, आणि डावखुऱ्यांसाठी वेगळी स्टिक नियमातच बसत नाही. म्हणून लेकीलाही तसंच शिकवलं. पण इथे दुकानात पहिलाच प्रश्न आला, "लेफ्ट की राइट?" मी म्हणालो, ती उजव्या हाताने लिहिते, म्हणजे राइट. दुकानदार म्हणाला, मग बहुतेक लेफ्ट लागेल. मला काही कळेना. काहीच न घेता परत आलो.

दुसरी अडचण स्केट्सची. ओळखीच्या एका घरातून जुने हॉकी स्केट्स मिळाले. लेकीचा रोजचा बूट २ नंबरचा, स्केट्स ३ चे. वाढत्या अंगाचे म्हणून घेतले, दोन मोजे घातले आणि गेल्या रविवारी सेलिब्रेशन स्क्वेअरच्या बर्फाच्या रिंकवर गेलो. पुण्यात सोसायटीच्या पार्किंगमध्ये ती चार चाकांवर भरधाव जायची. इथे दोन्ही घोटे आत वळलेले, आणि थांबायचं म्हटलं की सवयीने पायाचा चवडा टेकवायला जायची आणि तोंडावर पडायची. वीस मिनिटांत बाकावर येऊन बसली. मोजे काढले तर आतल्या बाजूच्या हाडावर रुपयाएवढी कातडी सोलवटलेली. "बाबा, माझा पाय आतल्या आत पळतो," एवढंच म्हणाली. रडली नाही. मला मात्र फार लागलं ते.

तर स्टिक कुठल्या हाताची आणि केवढी घ्यावी, स्केट्सचं काय करावं, आणि स्टिक घेऊन सराव कुठे करता येईल, कृपया सांगा. तिची उंची १३२ सेंमी, वजन २८ किलो.

थोरली_धाकटी (ब्रॅम्प्टन):

खडकीकर, ते स्केट्स आजच परत करा. स्टिकचं नंतर बघू. वाढत्या अंगाचा फ्रॉक चालतो, स्वेटर चालतो, स्केट्स नाही. आत पाय हलला की घोट्याला आधार मिळत नाही, तो वळतो, आणि पोरीला वाटतं आपल्यालाच जमत नाहीये. माझ्या थोरलीचा अख्खा एक हिवाळा असा गेला. मी तिच्या पायात जोर नाही समजून तिला घरी व्यायाम करायला लावत होते. आजही आठवलं की वाईट वाटतं.

हॉकी स्केट्सचा नंबर रोजच्या बुटापेक्षा साधारण एक ते दीडने कमी येतो. तुमच्या लेकीला १ पासून घालून बघा. मोजा एकच, पातळ. नाड्या सैल ठेवून पाय पुढे सरकवायचा, मग टाचेमागे एक बोट जेमतेम गेलं पाहिजे. त्यानंतर टाच जमिनीवर दोनदा आपटून मागे बसवायची आणि नाड्या आवळायच्या. सरळ उभं राहिल्यावर पायाची बोटं टोकाला नुसती टेकतील आणि गुडघे वाकवले की मागे येतील, ते माप बरोबर. टाच उचलली जात असेल तर दुसरा जोड मागा, लाजू नका. आम्ही धाकटीसाठी एका दुपारी सात जोड घालून पाहिले होते.

नंबराइतकीच रुंदी महत्त्वाची. बॉवर कंपनीच्या स्केट्समध्ये फिट १, २, ३ (अरुंद ते रुंद) असतात, सीसीएम कंपनीच्या स्केट्समध्ये टेपर्ड, रेग्युलर, वाइड. माझ्या दोघींचे पंजे पसरट, त्यांना फिट ३ शिवाय चालत नाही. दुकानात स्केट्स खास भट्टीत गरम करून पायावर बसवून देतात. गरम असताना पायात घालून पंधराएक मिनिटं शांत बसून राहायचं, उभं राहायचं नाही, आणि पुढचे चोवीस तास ते वापरायचे नाहीत.

आता धार. हे आम्हाला कुणीच सांगितलं नव्हतं. कोऱ्या स्केट्सना धार नसते, ती लावून घ्यावी लागते. पातं सुरीसारखं टोकदार नसतं. खालून त्याला लांब पन्हळ पाडलेली असते आणि तिच्या दोन कडा बर्फ धरतात. पन्हळ खोल तर पकड जास्त, उथळ तर घसरण जास्त. सुरुवातीला "हाफ इंच" सांगा, ही पन्हळीच्या गोलाईची त्रिज्या, खोली नव्हे. बाजूला रेटा दिल्यावर पाय सर्रकन निसटायला लागला की कडा गेल्या असं समजायचं. तुमच्या त्या जुन्या जोडीचंही तेच झालं असणार.

घरी आल्यावर पातं कोरडं पुसा, त्यावर कापडी खोळ चढवा, आणि बूट हीटरजवळ अजिबात ठेवू नका. फरशीवरून चालताना प्लास्टिकचे गार्ड लावायचे. स्केट्स जुने घेतले तर हरकत नाही, प्ले इट अगेन स्पोर्ट्समध्ये चांगले मिळतात. हेल्मेट मात्र नवं घ्या, सीएसएचा (कॅनडातल्या मानक संस्थेचा) शिक्का असलेलं आणि पुढे पूर्ण जाळी असलेलं. गळ्याचा गार्डही घ्या.

निळी_रेषा (ओकविल):

स्केट्सबद्दल वर सगळं आलंय. मी स्टिकपुरतं लिहितो. गेली काही वर्षं लहान मुलांच्या संघाला शनिवारी शिकवतो, हा प्रश्न दर हंगामात येतो.

आधी तुमचा गोंधळ सोडवू. डावा हात वर आणि उजवा खाली धरला की पातं शरीराच्या उजव्या बाजूला येतं. इथे त्याला राइट म्हणतात. उजवा वर असेल तर लेफ्ट. लिहायच्या हाताशी त्याचा थेट संबंध नाही.

खडकीत ड्रिबल शिकलात तेव्हा कुठला हात स्टिक फिरवायचा ते आठवा. डावा. मनगटातून स्टिक उलटीपालटी तोच करतो, उजवा नुसती नळी असल्यासारखा सैल धरून असतो. म्हणजे सुकाणू वरच्या हातात. आइस हॉकीतही तसंच आहे, शिवाय इथे कित्येकदा स्टिक फक्त वरच्या एका हातात असते. म्हणून ज्याचा उजवा हात हुकमी, त्याने उजवा वर ठेवावा असं इथले बरेच प्रशिक्षक सांगतात. आपल्याला मैदानी हॉकीत ती निवडच नव्हती, स्टिकच एका हाताची. इथे पात्याच्या दोन्ही बाजू चालतात. पाठीमागची बाजू लावली तर आपल्याकडे शिट्टी वाजते, इथे तो बॅकहँड, आणि त्यावर सुंदर गोल होतात.

तरी दुकानदाराचं ऐकून ठरवू नका, माझंही नको. तिच्या हातात झाडू द्या, अंगण झाडायला सांगा, आणि एक शब्दही बोलू नका. दोनतीनदा बघा. कुठला हात आपोआप वर जातो तो तिचा. उजवा वर गेला तर लेफ्ट, डावा वर गेला तर राइट घ्या, राइटने खेळणारेही भरपूर आहेत.

लांबी: अनवाणी उभं राहून स्टिक समोर धरली की नाकापर्यंत, स्केट्स घालून हनुवटीपर्यंत. लवचिकतेचा आकडा दांड्यावर छापलेला असतो, त्याला फ्लेक्स म्हणतात. साधा हिशोब म्हणजे पौंडातल्या वजनाच्या निम्मा. २८ किलो म्हणजे ६२ पौंड, तिला ३०च्या आसपासचा लागेल. ज्युनियर म्हणून ४० किंवा ५० दाखवतील, घेऊ नका. तिच्या हातात तो दांडा वाकणारच नाही, म्हणजे पहारीने खेळल्यासारखं. स्टिक वरून कापली की ती आणखी कडक होते, हेही धरून चला. पात्याचा बाक पी ८८ किंवा पी ९२ काहीही चालेल, या वयात त्यावर डोकं खपवू नका. महागड्या कार्बनच्या स्टिकचीही गरज नाही.

पात्याला कापडी टेप टाचेकडून टोकाकडे गुंडाळा आणि वरच्या टोकाला टेपची गाठ करा म्हणजे हात निसटत नाही. घरासमोर नारिंगी बॉल घेऊन रोज दहा मिनिटं. तुम्हाला एक गंमत वाटेल: पक (बर्फावर चेंडूऐवजी वापरतात ती रबराची चकती) १५६ ते १७० ग्रॅमचा आणि आपला हॉकीचा चेंडू १५६ ते १६३ ग्रॅमचा. वजन तेच. तुमच्या मनगटाला ते ओळखीचं आहे, त्यामुळे तिच्यासोबत तुम्हीही स्टिक धरा.

रविवारचा_चहा (एटोबिको):

जागांबद्दल. सार्वजनिक स्केटिंगच्या वेळेत स्टिक आणि पक नेता येत नाहीत, मग रिंक कुठलीही असो. तुम्हाला "शिनी" असं लिहिलेली वेळ शोधायची आहे. शिनी म्हणजे आपल्या गल्लीतल्या क्रिकेटसारखं, आलेल्यांचे दोन संघ पाडून खेळायचं. वयानुसार वेळा वेगळ्या असतात, लहान मुलांचीच वेळ बघा. मोठ्यांच्या शिनीत तिला नेऊ नका.

टोरांटो शहराच्या उघड्यावरच्या रिंक्स फुकट आहेत. नोव्हेंबरअखेरीपासून साधारण मार्चपर्यंत चालतात, कारण बर्फाखालून थंड पाइप नेलेले आहेत. ख्रिस्टी पिट्स आणि डफरिन ग्रोव्ह दोन्ही चांगल्या. ग्रीनवूड पार्कच्या रिंकवर छप्पर आहे, हिमवर्षाव असला तरी अडत नाही.

पण पहिला महिना स्टिक घरीच ठेवा असं माझं मत. मिसिसॉगाहून जवळ कर्नल सॅम्युअल स्मिथ पार्क आहे, तिथे इंग्रजी आठच्या आकाराची स्केटिंगची वाट आहे, झाडांमधून वळत जाते. गोल रिंकवर सगळे एकाच दिशेने फिरतात आणि मुलं एकाच बाजूला वळायला शिकतात. आठच्या आकारात दोन्ही बाजूंची वळणं आपोआप होतात. टोरांटोत गार्डिनर या उंचावरच्या महामार्गाखाली बेंटवेची स्केटिंगची वाटही आहे, २२० मीटरची. ती संध्याकाळी दिव्यांत छान दिसते, पण गर्दी असते.

चाकांची सवय मोडायला एकच करा: चवडा विसरायचा, दोन्ही पायांच्या टाचा बाहेर ढकलून बर्फ खरवडत थांबायचं. आधी कठड्याला धरून. आणि पडल्यावर मुठी मिटायच्या, हे पहिल्या दिवशीच शिकवा. पसरलेल्या बोटांवरून दुसऱ्याचं पातं जाऊ शकतं.

तळ्यावर कुणी बोलावलं तर सांभाळून. एकट्याने स्केटिंग करायला बर्फ किमान १५ सेंमी जाड लागतो, खेळायला २० सेंमी. निळसर पारदर्शक बर्फ मजबूत, दुधाळ पांढरा त्याच्या निम्म्या ताकदीचा, आणि करडा दिसला तर पाऊलही टाकू नका. नव्याने आलेल्यांनी पहिल्या वर्षी तळ्याच्या वाटेला जाऊच नये.

कोथरूडची_मावशी:

माझा भाचा हा धागा वाचून विचारतोय, भारतात बर्फावर कुठे जायचं? महाराष्ट्रात तर चाकांचेच स्केट्स दिसतात.

निळी_रेषा:

मावशी, गुरुग्रामला मॉलमध्ये आयस्केट नावाची रिंक आहे. देहरादूनला मोठी बंदिस्त रिंक आहे. सिमल्याची रिंक नैसर्गिक थंडीवर चालते, ब्रिटिश काळापासून. आणि खरी आइस हॉकी बघायची तर जानेवारीत लेहला जावं. भाच्याला पुण्यात इनलाइन स्केट्सवर सराव करू द्या, एका ओळीतली चाकं. चार चाकांपेक्षा ते बर्फाच्या जास्त जवळचं आहे.

खडकीकर:

सगळ्यांचे मनापासून आभार. काय झालं ते सांगतो.

बुधवारी सकाळी पायरीवर बोटभर बर्फ पडला होता. लेकीला झाडू दिला आणि मी दारात उभा राहिलो. गप्प राहणं फार जड गेलं. तिने झाडू उचलला, उजवा हात वर, डावा खाली, आणि एका दमात सगळी पायरी साफ केली. शुक्रवारी पुन्हा तेच. मग मी आत जाऊन माझ्या सवयीने झाडू धरून पाहिला. डावा हात वर. इतकी वर्षं मी झाडूसुद्धा हॉकीसारखा धरतोय हे तेव्हा कळलं. तिला सांगितलं, बाबाने उलट शिकवलं होतं, आता तू तुझ्या हाताने खेळ. तिने लगेच विचारलं, "मग आता मी तुला शिकवू?"

लेफ्ट स्टिक घेतली, ३० फ्लेक्सची. स्केट्स १ नंबरचे, फिट ३, भट्टीत बसवून आणि हाफ इंच धार लावून. पंधरा मिनिटं ती पुतळ्यासारखी बसली होती, दुकानदारालाही कौतुक वाटलं. काल कर्नल सॅम्युअल स्मिथला पाऊण तास स्केटिंग केलं. घोटे सरळ राहिले, जखमेवर पट्टी होती तरी काही बोलली नाही.

एकच शंका उरली आहे. स्टिक तिच्या कपाळापर्यंत येते. नाकापर्यंत आणायला साधारण सात सेंमी कापावी लागेल. कापली तर फार कडक होईल का?

निळी_रेषा:

थोडी होईल. आत्ता पाचच कापा, उरलेले दोन राहू द्या. स्केट्स घातल्यावर ती उंच होते, तेव्हा हनुवटीशी ताडून बघा. कापलेली परत जोडता येत नाही. करवतीने कापण्याआधी त्या जागी टेप गुंडाळा म्हणजे कड फुटत नाही.

थोरली_धाकटी:

स्केट्स नाही वाढत्या अंगाचे, पण स्टिकमध्ये दोन सेंमी चालतात. माझी धाकटीही लेफ्टच आहे. पुढच्या शनिवारी सकाळी आम्ही ख्रिस्टी पिट्सला लहान मुलांच्या शिनीला जाणार आहोत. लेकीला घेऊन या, दोघी एका बाजूने खेळतील.

खडकीकर:

नक्की येतो. पाचच कापतो. तिला आत्ताच सांगितलं, ती टेप शोधायला पळाली.